सायरन लावला म्हणजे सगळं माफ होतं का?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये पाच-सहा पत्रं अशी निघाली की वरवर बघता एकमेकांशी काही संबंध नाही, कुणी रुग्णवाहिका चालवतंय, कुणी सिअ‍ॅटलला राहतंय, कुणाला दाबोळीवर विमानात दीड तास बसवून ठेवलंय, पण प्रश्न सगळ्यांचा एकच आहे. कायद्याने ज्याला सूट दिलीय त्याने बाकीच्यांच्या जिवाचा किती विचार करायचा? म्हणून आज फक्त तीच पत्रं घेतेय, फ्लॅट आणि वारसाहक्कवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा प्लीज.

प्रश्न : वकील मॅडम नमस्कार, मी नऊ वर्षं रुग्णवाहिका चालवतो. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला हार्टचा पेशंट घेऊन चाललो होतो, सायरन चालू, वरचा दिवा चालू. चौकात सिग्नल लाल होता, मी निघालो, डावीकडून स्कूटर आली आणि धडकली. स्कूटरवाल्या पोराचा पाय मोडला. माझा पेशंट वाचला. पण गुन्हा माझ्यावर दाखल झाला. जीव वाचवायला चाललेल्या माणसावर गुन्हा कसा काय? (एक रुग्णवाहिकाचालक, सांगली जिल्हा)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पेशंट वाचला हे वाचून बरं वाटलं आणि त्या पोराच्या पायाचं वाचून वाईटही वाटलं. आता कायद्याचं सांगते, थोडं लांबेल.

तुम्हाला लाल सिग्नल ओलांडायचा हक्क आहे, यात वाद नाही. २०१७ साली केंद्राने मोटार वाहन चालवण्याचे नवे विनियम आणले, त्याआधी १९८९ चे होते. नव्या विनियमांत अग्निशमन दल, रुग्णवाहिका, पोलीस आणि वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवांच्या गाड्या, या क्रमाने वाट द्यायची असं म्हटलंय. तातडीच्या ड्युटीवर असाल तर सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादेच्या वर जाता येतं. पण त्याच वाक्यात अट आहे की हे सगळं गरज असेल तेव्हाच आणि योग्य ती काळजी घेऊन, जबाबदारीने करायचं. लोक पहिला अर्धा भाग पाठ करतात आणि दुसरा अर्धा सोडून देतात, तिथेच केस अडकते. इंग्रजी कायद्यात या काळजीला ‘ड्यू रिगार्ड’ म्हणतात, पुढच्या पत्रांत हा शब्द परत येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आपल्याकडे हा विचार इंग्रजीतून शिकायची गरज नाही खरं तर. तुमच्या एफआयआरची कॉपी काढा आणि वाचा, त्यात जवळजवळ नक्की हे शब्द असणार : ‘भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात हे वाक्य वर्षानुवर्षं तसंच्या तसं लिहिलं जातं, लिहिणाऱ्यालाही आता त्यातलं काही वेगळं जाणवत नसेल. पण त्यातला शेवटचा तुकडाच सगळ्यात महत्त्वाचा आहे, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. तुमच्या खटल्यात कोर्ट हेच बघणार. सायरन चालू होता का हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे, तुम्ही चौकात शिरताना चौकाकडे बघितलं होतं का हा पहिला.

आणि इथेच मला तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली, रागावू नका. तुम्ही लिहिलंय ‘सिग्नल लाल होता, मी निघालो’. हळू केली का, थांबून डावी-उजवी बघितली का, आडव्या रस्त्यावरची वाहनं थांबलीत याची खात्री केली का, यातलं काहीच पत्रात नाही. तुम्ही केलंही असेल, पण मग ते तुमच्या जबाबात आलंच पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक क्लेम होता, मी जखमी बाईंच्या बाजूने होते. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की मी चौकात गाडी अगदी स्लो केली होती, माणूस बोलायला साधा होता, मलाही पटत चाललं होतं. मग स्पॉट पंचनामा काढला. ब्रेकच्या खुणा स्टॉपलाइनच्या आधी नव्हत्याच, त्या चौकाच्या मधोमध सुरू होत होत्या आणि बाईंच्या स्कूटीपर्यंत गेल्या होत्या. म्हणजे स्कूटी दिसल्यावर ब्रेक लागला, चौक दिसल्यावर नाही. एवढ्या एका गोष्टीवर ड्रायव्हरची बाजू पडली.

ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. हेल्मेट घातलेला पोरगा, बाजूला उंच बिल्डिंग, सायरनचा आवाज कुठून येतोय हेच त्याला कळत नाही, आणि कळेपर्यंत तुम्ही चौकात आलेले असता. त्याला सिग्नल हिरवा आहे, त्याच्या दृष्टीने रस्ता त्याचा आहे. म्हणून सायरन ही फक्त विनंती असते, समोरच्याने ती ऐकलीय हे तुम्हाला दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

आता काय करायचं ते. तुमच्यावर बहुतेक भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून गंभीर दुखापत) लागलं असेल, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ताबडतोब त्या रात्रीची ट्रिपशीट, कॉल आल्याची वेळ, हॉस्पिटलमध्ये पेशंट घेतल्याची वेळ आणि गाडीच्या जीपीएसचा रेकॉर्ड मालकाकडून लेखी मागून घ्या. चौकातलं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, त्यासाठी तपास अधिकाऱ्याला आजच्या आज लेखी अर्ज द्या, तोंडी सांगू नका. मागे पेशंटजवळ बसलेल्या अटेंडंटचा जबाब नोंदवून घ्यायला सांगा. जीपीएसमध्ये चौकाआधी वेग पडलेला दिसला तर तो तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. नाही दिसला तर तेही तुमच्या वकिलाला खरं सांगा, लपवू नका.

त्या मुलाची भरपाई इन्शुरन्स कंपनी देईल, त्यासाठी त्याला क्लेम करावा लागेल. कागदपत्रं मागायला त्याचे लोक आले तर अडवू नका, एवढं माझ्यासाठी करा.

प्रश्न : मागून रुग्णवाहिका हॉर्न मारत होती म्हणून मी सिग्नलला स्टॉपलाइन ओलांडून गाडी पुढे बाजूला घेतली, चार दिवसांनी ई-चलान आलं. वाट द्यायची का नाही मग? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : द्यायचीच. वाट न देणं हा मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, कलम १९४ ई, दंड १० हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चलानविरुद्ध ई-चलानच्या पोर्टलवर तक्रार टाका, चलानसोबतच्या फोटोत किंवा त्याच मिनिटाच्या फुटेजमध्ये मागे रुग्णवाहिका दिसत असेल तर ते आवर्जून लिहा, डॅशकॅम असेल तर क्लिप जोडा. फक्त एक बघा, वाट देताना झेब्रावर चालणाऱ्या माणसांच्या अंगावर गाडी घालायची नाही, गाडी पुढे घेण्याआधी समोर कोण चालतंय ते बघायची जबाबदारी त्या क्षणीही तुमचीच असते.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना सरकारी जीपने उडवलं, ते गेले. जीप एका खात्याची होती, ड्रायव्हर ड्युटीवर होता. सगळे सांगतायत सरकारवर दावा चालत नाही, सरकारी गाडीला इन्शुरन्सही नसतो, कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढता. (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दावा चालतो, ठामपणे चालतो.

१९५२ साली उदयपूरला कलेक्टरची जीप वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन परत येत होती, ड्रायव्हरने फूटपाथवरून चालणाऱ्या एका माणसाला उडवलं, तो गेला. त्याच्या बायकोने राजस्थान सरकारवर दावा लावला. सरकारचं म्हणणं होतं आम्ही सरकार आहोत, आमच्यावर असा दावा नाही चालत. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये निकाल आला की नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल जसा कुठलाही मालक जबाबदार असतो तसंच सरकारही जबाबदार आहे. १५ हजार रुपये भरपाई मिळाली, त्या काळात ती मोठी रक्कम होती. त्या बाईने हार मानली नाही म्हणून आज तुम्हाला आणि मला हा रस्ता मोकळा आहे, मला प्रत्येक वेळी हे सांगताना भरून येतं.

इन्शुरन्सचं अर्धं खरं आहे. सरकारी गाड्यांना विम्यातून सूट मिळते, पण ती सूट विमा काढण्यापुरती आहे, भरपाई देण्यातून नाही, ते पैसे खात्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करा. उशीर अजिबात करू नका, मुदतीचा मुद्दा समोरचा वकील सगळ्यात आधी काढतो. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, मिस्टरांच्या उत्पन्नाचा कुठलाही कागद, अगदी दूध डेअरीची बिलं किंवा बाजार समितीच्या पट्ट्यासुद्धा चालतात, सगळं एका पिशवीत घालून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना तिथे वकील फुकट मिळतो.

प्रश्न : आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो, मुलगी आता युनिव्हर्सिटीत जाईल. २०२३ मध्ये इथे पोलिसांच्या गाडीखाली एक भारतीय विद्यार्थिनी गेली तेव्हापासून मन स्थिर नाही. त्या पोलिसावर मोठा गुन्हा दाखलच झाला नाही असं वाचलं. इथल्या कायद्यात पोलिसांना काहीही माफ आहे का? (एक आई, वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : तुमची भीती मला समजते. ती मुलगी आंध्रातून शिकायला आली होती, २३ वर्षांची होती, २३ जानेवारी २०२३ च्या रात्री क्रॉसवॉकवरून रस्ता ओलांडत होती. ड्रग ओव्हरडोसच्या कॉलवर निघालेली पोलिसांची गाडी ताशी ७४ मैलांपर्यंत गेली होती, म्हणजे जवळजवळ ११९ किलोमीटर, आणि त्या रस्त्याची मर्यादा २५ मैल, म्हणजे ४०. वरच्या सांगलीच्या दादांना सांगितला तोच हिशेब इथे करून बघा, ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ११९ ला ३३. रस्ता ओलांडणारा माणूस दोन्ही बाजूंना बघून पाऊल टाकतो तेव्हा तो मनातल्या मनात ४० चाच अंदाज बांधत असतो, कारण त्या रस्त्यावर रोज तेवढ्यानेच गाड्या येतात. तिने बघितलं नसेल असं म्हणणं किती अन्यायाचं आहे ते यातून कळतं.

तुमच्या राज्याचा कायदा पोलिसांना सगळं माफ करत नाही. त्यात आपल्यासारखीच रचना आहे, इमर्जन्सी गाडीला सिग्नल ओलांडायला, वेग वाढवायला सूट, आणि लगेच पुढे स्पष्ट वाक्य की या सुटीमुळे सर्व माणसांच्या सुरक्षिततेची ‘ड्यू रिगार्ड’ घेऊन गाडी चालवायच्या कर्तव्यातून चालक मोकळा होत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत थोड्या फार फरकाने हेच शब्द आहेत.

मग गुन्हा का नाही? कारण कर्तव्य मोडणं आणि गंभीर फौजदारी गुन्हा सिद्ध होणं यांच्यात मोठं अंतर आहे. मनुष्यवधासारख्या आरोपासाठी सरकारी वकिलाला दाखवावं लागतं की चालकाने धोका माहीत असून जाणूनबुजून तो धुडकावला, आणि तो कॉलवर चालला होता, दिवे लावले होते, त्यामुळे ज्युरीसमोर हे टिकणार नाही असं तिथल्या सरकारी वकिलांनी २०२४ च्या फेब्रुवारीत ठरवलं. शहराच्या वकिलाने निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल ५ हजार डॉलरचा दंड लावला आणि २०२५ च्या जानेवारीत पोलीस खात्याने त्या पोलिसाला नोकरीवरून काढलं. मला विचाराल तर एवढ्यावर त्या मुलीच्या आईबापाचं समाधान होणं शक्य नाही आणि व्हायला नकोही. पण ‘काहीही माफ आहे’ हेही खरं नाही, तसं असतं तर नोकरीही गेली नसती.

मुलीला एकच सांगा, क्रॉसवॉकवर पाऊल टाकताना कानात इअरफोन नको, आणि दूरवर निळे-लाल दिवे लुकलुकताना दिसले तर आपला हक्क असला तरी फूटपाथवरच थांबायचं. हक्क तिचाच आहे, पण गाडी किती वेगात येतेय हे तिला रात्री दिव्यांवरून कळणार नाही.

प्रश्न : दाबोळीवर आमचं फ्लाइट रनवेजवळ थांबवून ठेवलं, कॅप्टन म्हणाले नेव्हीचं फ्लाइंग चालू आहे. माझे सासरे म्हणतात लष्करी विमानांना कुठलाच नियम लागू नसतो. हे खरं आहे? असेल तर आपण बसतो त्या विमानाचं काय? (एक वाचक, वास्को)

उत्तर : सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे आणि निम्म्यातच सगळा घोळ आहे.

दाबोळीचा रनवे मुळात नौदलाचा, आयएनएस हंसा या तळाचा. प्रवासी विमानं तिथे पाहुण्यासारखी येतात, पुण्याच्या लोहगावला हवाई दलाच्या तळावर येतात तशीच. दोन्हीकडे टॉवरमध्ये बसलेला कंट्रोलर लष्कराचा असतो, आणि तोच तुमच्या विमानाला आणि लष्कराच्या विमानाला दोघांनाही सांगत असतो. म्हणून तुम्हाला थांबवलं तेव्हा तुम्ही असुरक्षित नव्हता, उलट कोण कुठे आहे हे एकाच माणसाला माहीत होतं, ती सगळ्यात चांगली परिस्थिती. दीड तास गेला हे खरं, पण मी तरी तक्रार करणार नाही.

आता नियमांचं. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोला नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतही त्यात आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की हा करार फक्त नागरी विमानांना लागू, लष्कर, कस्टम्स आणि पोलिसांची विमानं ही सरकारी विमानं, त्यांना नाही. इथपर्यंत सासरे बरोबर. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की प्रत्येक देश आपल्या सरकारी विमानांसाठी नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेची ‘ड्यू रिगार्ड’ घेईल. बघा, तोच शब्द. रुग्णवाहिकेला जशी सूट तशीच लढाऊ विमानाला सूट, आणि दोन्ही सुटींना जोडलेली अटही तीच.

ही अट खरी कसाला लागते ती खोल समुद्रावर, जिथे कुठल्याच देशाची हद्द नसते. तिथे लष्करी वैमानिक कंट्रोलरला न सांगता, फ्लाइट प्लॅन न देता उडू शकतो, फक्त मग बाकीच्या विमानांपासून लांब राहायची पूर्ण जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते, त्याला डोळ्याने तरी दिसलं पाहिजे किंवा रडारवर तरी. २०१४ च्या मार्चमध्ये स्वीडनच्या माल्मोजवळ रशियाचं टेहळणी विमान ट्रान्सपॉन्डर बंद करून उडत होतं आणि कोपनहेगनहून निघालेल्या प्रवासी विमानाच्या फार जवळून गेलं. ट्रान्सपॉन्डर म्हणजे विमानाची ‘मी इथे आहे’ अशी सतत चाललेली हाक, ती बंद केली की प्रवासी विमानातलं टक्कर टाळणारं यंत्रही मुकं होतं, कारण ते त्या हाकेवरच चालतं.

आणि सूट हातात असताना काळजी सुटली तर काय होतं ते २९ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला दिसलं. विचिटाहून ६४ माणसं घेऊन आलेलं विमान पोटोमॅक नदीवरून उतरत होतं, आणि नदीवरूनच अमेरिकन लष्कराचं ब्लॅकहॉक हेलिकॉप्टर चाललं होतं, आत तिघं. हेलिकॉप्टरला त्या मार्गावर २०० फुटांच्या खाली राहायचं होतं, ते वर होतं. आपली जागा सतत सांगणारं एडीएस-बी नावाचं उपकरण त्यातून काहीच पाठवत नव्हतं, लष्कराला त्यातून सूट होती, आणि उड्डाण होतं वैमानिकाच्या वार्षिक परीक्षेचं. कंट्रोलरने समोरच्या विमानाबद्दल सांगितलं, हेलिकॉप्टरने उत्तर दिलं की दिसतंय, आम्ही अंतर ठेवतो. मागे सगळ्या शहराचे दिवे, त्यात कुठला दिवा विमानाचा? ६७ माणसं गेली. चौकशीत निघालं की २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२४ अखेरपर्यंत त्या एका विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायक जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. हे वाचल्यावर मला कित्येक दिवस ते डोक्यातून गेलं नाही, नोंदी होत्या, कुणीतरी जमा करत होतं, आणि मार्ग मात्र तोच राहिला. २०२५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सरकारने कोर्टात स्वतःची जबाबदारी मान्य केली.

आपल्याकडचं १२ नोव्हेंबर १९९६ चं चरखी दादरी आठवत असेल. सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन आकाशात धडकले, ३४९ गेले. दोन्ही नागरी विमानं, कझाक विमान १५ हजार फुटांवर थांबायचं ते खाली आलं, चूक तिथे झाली. पण त्या काळात दिल्लीच्या आसपासचं बरंचसं आकाश लष्कराकडे असल्यामुळे येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून जायची, त्या चुकीला वाव तिथे मिळाला. त्यानंतर टक्कर टाळणारं यंत्र आपल्याकडे सक्तीचं झालं, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले. सासऱ्यांना हेही सांगा की १९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली, त्यानंतर शिकागो कराराला वेगळं कलम जोडलं गेलं की उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही. १९८४ ला ते मंजूर झालं, अमलात यायला १९९८ उजाडलं. तेवढ्यात १९८८ ला आखातात अमेरिकन युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं होतं, २९० जणांत १० भारतीय होते.

प्रश्न : भावाचं लग्न धानोरीतल्या लॉनवर आहे, ड्रोन शूटिंग आणि लेझर शो ठेवलाय. कुणीतरी म्हणालं परवानगी लागते. लग्नाला कसली परवानगी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लग्नाला नाही हो, आकाशाला. धानोरी लोहगावच्या धावपट्टीला किती लागून आहे ते तुम्हाला रोज डोक्यावरून जाणाऱ्या विमानांवरून माहीत आहेच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत कंट्रोलरच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, आणि पुण्यात कंट्रोलर म्हणजे हवाई दल. तळाच्या अगदी जवळचा भाग लाल झोनमध्ये येत असेल तर केंद्र सरकारच्याच परवानगीचा विषय होतो. डिजिटल स्काय पोर्टलवरच्या नकाशात लॉनचं ठिकाण टाकलं की झोन दिसतो. ड्रोनवाल्याकडे रजिस्ट्रेशन नंबर आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मागा, तो ‘आम्ही नेहमी करतो’ म्हणाला तर दुसरा बघा.

लेझर मात्र सरळ कॅन्सल करा. खालून हिरवी रेघ छान दिसते, पण कॉकपिटच्या काचेवर ती पडली की सगळी काच उजळून निघते आणि रात्री उतरताना वैमानिकाला काही सेकंद पुढचं दिसत नाही. ते शेवटचे सेकंद असतात आणि मागे दीडशे माणसं बसलेली असतात. त्याऐवजी लॉनवर खाली तोंड असलेले दिवे लावा, डेकोरेशनवाला आत्ता सांगितलंत तर पैसेही परत देईल.